ग्रेझिंग टेबलची आधीपासूनची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पंधरा-वीस माणसं जेवायला बोलवायची, एका लांब टेबलावर सगळं मांडून ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं, अशी पार्टी करणाऱ्यांकडून मला नेहमी प्रश्न येतात. तेच तेच येतात, म्हणून एका जागी उत्तरं दिली आहेत. हिशेब २० माणसांचा, शनिवारी रात्री आठच्या पार्टीचा, घरातल्या एका फ्रीजचा आणि दोन हातांचा आहे. एक गोष्ट आधीच सांगते. तयारी आधी करायची म्हणजे सगळे पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवायचे, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच टेबल बिघडतं. कुठला पदार्थ थांबतो, कुठला थांबत नाही आणि कुठला अर्ध्या वाटेवर थांबवून ठेवता येतो, हे ओळखलं की पाहुणे आल्यावर तुम्हीही त्यांच्यात बसलेल्या असाल.

१. ग्रेझिंग टेबल म्हणजे नेमकं काय? बुफेच ना हा?

बुफेत रांग लागते, ताट एकदाच भरलं जातं आणि जेवण पाऊण तासात उरकतं. इथे दोन-तीन तास गप्पा चालतात आणि लोक येता-जाता एकेक घास उचलतात. म्हणून पदार्थही तसेच हवेत: एका-दोन घासांचे, चमच्याशिवाय खाता येणारे आणि शक्यतो गरम नसले तरी चांगले लागणारे. चीज, फळं, ब्रेड, कडक भाकरी, चटण्या, वड्या, कच्च्या भाज्या, सुका मेवा, थोडं गोड. बरंचसं खोलीच्या तापमानाला खायचं असल्यामुळेच त्याची तयारी आधी करता येते.

आपल्याला हे अगदी नवं नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड, करंज्या, लाडू यांची जी आरास करतात, ती ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना उंच-सखल मांडणी, रंगांची जोडी आणि भरलेपण वेगळं शिकवावं लागत नाही.

२. एवढ्यावर पोट भरतं का? की शेवटी वरण-भात लावावाच लागतो?

माप नीट घेतलं तर पोट भरतं (प्रश्न ३). पण आपल्याकडची माणसं, विशेषतः घरातली मोठी, रात्री काहीतरी गरम आणि भाताचं खाल्ल्याशिवाय जेवलो म्हणत नाहीत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी प्रत्येक टेबलाबरोबर एक गरम पदार्थ ठेवायला सांगते, तोही टेबलावर न मांडता साडेनऊच्या सुमारास वाट्यांतून फिरवायचा: मसालेभात आणि मठ्ठा, मुगाची खिचडी आणि कढी किंवा थंडीत टोमॅटोचं सार. मसालेभाताचा मसाला गुरुवारीच भाजून-कुटून ठेवा, तोंडली-वांगी-फ्लॉवर शनिवारी दुपारी चिरा आणि भात नऊला टाका. वांगी चिरल्यावर पाण्यात ठेवायला विसरू नका.

३. २० जणांसाठी किती घ्यावं? मला नेहमी कमी पडेल अशी भीती वाटते.

भीतीपोटी दुप्पट केलं जातं आणि त्यातलं निम्मं उरतं. ग्रेझिंग टेबलवर प्रकार जास्त असतात, त्यामुळे प्रत्येक प्रकार कमी लागतो. माझं माप असं: चीज सगळं मिळून सव्वा ते दीड किलो. वड्या आणि तळलेलं, तीन प्रकार मिळून १२० तुकडे, म्हणजे माणशी सहा. ब्रेडचे काप, कडक भाकरीचे तुकडे, छोट्या पुऱ्या मिळून माणशी सात-आठ. फळं निवडून-चिरून तीन किलो. गाजर, काकडी, मुळा, सिमला मिरची मिळून दीड किलो. चटण्या आणि चक्क्याचं डिप मिळून सव्वा ते दीड किलो, पण त्यात चक्का जास्त आणि ठेचा एक छोटी वाटी. चिवडा, बाकरवडी, शंकरपाळे, भाजलेले काजू-बदाम मिळून एक किलो. गोड माणशी दोन घास. शेवटच्या मसालेभाताला एक किलो तांदूळ पुरेसा होतो.

मुलं दहाच्या आतली असतील तर दोन मुलांमागे एक मोठं माणूस धरा. मुलं चीज आणि द्राक्षं मोठ्यांपेक्षा जास्त खातात, तेवढी दोन्ही वाढवा.

४. कुठल्या दिवशी काय करायचं? नोकरी सांभाळून जमेल असं सांगा.

बुधवार-गुरुवारच्या संध्याकाळी कोरडं सगळं संपवा. शेंगदाण्याची चटणी, सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, चिवडा, तिखट शंकरपाळे. काजू-बदाम मंद आचेवर भाजून तुपाचा हात आणि मीठ-मिरपूड लावून पूर्ण गार झाल्यावर बरणीत. किराणा, चीज, कागदी रुमाल, टूथपिक याच दिवसांत आणा.

गुरुवारी अर्धा तास काढून रिकाम्या वाट्या, बाऊल आणि ताटं टेबलावर मांडून बघा. प्रत्येकात कागदाची चिठ्ठी टाका: ठेचा, चक्का, द्राक्षं, अळूवडी. कुठली वाटी कमी आहे, कुठलं ताट मावत नाही, चमचे किती लागतील, हे तेव्हाच कळतं. फोटो काढा आणि भांडी चिठ्ठ्यांसकट एका टोपलीत रचून ठेवा. शनिवारी मदतीला आलेली नणंद किंवा मैत्रीण फोटो बघून तुम्हाला न विचारता टेबल लावू शकते. हा अर्धा तास कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

गुरुवारी रात्रीच दही टांगा, पण फ्रीजमध्ये: चाळणीवर मलमलचं फडकं, खाली पातेलं, वर झाकण. शुक्रवारी संध्याकाळी त्या चक्क्याचे दोन भाग करा. एकाचं श्रीखंड. दुसऱ्यात मीठ, भाजलेलं जिरं आणि वाटलेली हिरवी मिरची घालून डिप. काकडी किंवा पुदिना त्यात शनिवारीच घालायचा. याच संध्याकाळी कोथिंबीर वडी आणि अळूवडीचे उंडे उकडून घ्या (प्रश्न ५), पनीरचे चौकोन मसाल्यात मुरवत ठेवा आणि गाजर-मुळ्याच्या कांड्या कापून पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

शनिवारी सकाळी ब्रेड, नाजूक फळं, कोथिंबीर-पुदिना. दुपारी ओल्या खोबऱ्याची चटणी. साडेपाचला टेबलावर कापड, वाट्या आणि कोरडे पदार्थ झाकून. साडेसहाला तळण. सव्वासातला चीज बाहेर. साडेसातला फळं कापा. पावणेआठला थंड पदार्थांची पहिली खेप. आंघोळ आणि साडी या सगळ्याच्या मध्ये, तळण झाल्यावर लगेच ठेवा. शेवटी ठेवली की ती राहतेच.

५. कोथिंबीर वडी, अळूवडी आदल्या दिवशी तळून ठेवली तर चालेल का?

तळून नाही, उकडून ठेवा. हाच तो अर्ध्या वाटेवर थांबणारा पदार्थ. उकडलेला उंडा फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतो, उलट कापायला सोपा होतो. गरम असताना सुरी लावली की बेसन चिकटतं आणि कडा भुसभुशीत होतात. रात्रभर गार झालेल्या उंड्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या स्वच्छ पडतात, अळूच्या घड्या चकलीच्या वेढ्यांसारख्या सुट्या दिसतात आणि तळताना उलगडत नाहीत.

कोथिंबीर धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ओली राहिली की पीठ सैल होतं आणि मग बेसन वाढत जातं. अळूला चिंचेचा कोळ भरपूर हवा, कारण पानातल्या ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो आणि आंबटपणाने तो त्रास कमी होतो. उंडे वीस-पंचवीस मिनिटं उकडा, चाळणीतच गार होऊ द्या आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम असताना डबा बंद केला तर वाफेचं पाणी सुटून वरचा थर चिकट होतो.

शनिवारी तळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, म्हणजे आतून थंड राहणार नाहीत. तळून झाल्या की जाळीवर पसरा. ओव्हन असेल तर १०० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून तासभर कुरकुरीत राहतात. कॅसरोलमध्ये मात्र घालू नका, त्यात दहा मिनिटांत मऊ पडतात. अळूवडीचे उंडे फ्रीजरमध्ये महिनाभरही टिकतात, म्हणजे श्रावणातलं अळू गणपतीतल्या पार्टीला वापरता येतं.

६. आदल्या दिवशी काय करूच नये?

साबुदाणा वडा, कांदाभजी, बटाटेवडा: हे कढईतून थेट तोंडात जायचे पदार्थ आहेत, या टेबलावर त्यांना जागाच देऊ नका. मीठ घातलेली कोशिंबीर पाणी सोडते, म्हणून मीठ आणि दही अगदी शेवटी. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात लवकर आंबते, ती शनिवारी दुपारी करून टेबलावर जाईपर्यंत फ्रीजमध्ये. सुरळीच्या वड्या त्याच दिवशी सकाळी कराव्यात. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवल्या की कडक होतात आणि फोडणीचं तेल वर थिजतं. कापलेला ब्रेड आदल्या दिवशीचा नको.

लसणाबद्दल वेगळं सांगते, कारण हल्ली तेलात मुरवलेलं चीज आणि लसूण बरणीत घालून आठवडाभर ओट्यावर ठेवायची पद्धत दिसते. कच्चा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू तिथे वाढू शकतात, वासावरून कळतही नाही. तेलात मुरवायचंच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि लसूण त्याच दिवशी घाला.

७. चीज कुठलं घ्यावं आणि किती आधी बाहेर काढावं?

तीन पुरेत: एक घट्ट (चेडार किंवा गौडा), एक मऊ आणि एक सगळ्यांच्या ओळखीचं. साधं प्रोसेस्ड चीज ठेवायला संकोच वाटतो अनेकींना. ठेवा, मुलं आणि आजी-आजोबा तेच आधी उचलतात. मुरवलेलं पनीर चौथं.

फ्रीजमधून काढल्या काढल्या चीजची चव बंद असते. पुस्तकांत तासभर आधी काढा म्हणतात, ते थंड हवेच्या देशांसाठी. आपल्याकडे थंडीत पाऊण तास, एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटं बस होतात. घट्ट चीज शुक्रवारी कापून ओल्या नसलेल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवता येतं. मऊ चीज टेबलावर अख्खंच ठेवा, शेजारी छोटी सुरी. आपल्या चवीला चीजबरोबर काय जातं विचाराल तर गुळांबा, साखरांबा आणि आवळ्याचा मोरावळा. जॅमपेक्षा कितीतरी छान लागतात आणि बहुतेक घरांत बरणी तयार असते.

शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. अस्सल इटालियन पार्मिजानो रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या घटकाने) बनतं, ते शाकाहारी नाही. परदेशातून कुणी आणलेलं असेल तर विचारून घ्या.

८. कापलेली फळं काळी पडतात. काय करू?

सगळी फळं कापायची गरज नाही, हे पहिलं. द्राक्षं धुऊन पूर्ण कोरडी करून कात्रीने चार-पाच मण्यांचे घोस करून शुक्रवारीच डब्यात ठेवता येतात, डब्यात खाली सुती फडकं घाला. डाळिंबाचे दाणे दोन दिवस राहतात. संत्र्याच्या फोडी सोलून सकाळी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणली की धुऊ नका, देठ ठेवून तशीच फ्रीजमध्ये. धुणं साडेसातला. पुरंदरचे अंजीर फार नाजूक असतात, शनिवारी आणून दोन भाग करून लगेच मांडा.

सफरचंद आणि पेर कापल्यावर आतलं एन्झाइम हवेला लागून फोड तपकिरी होते. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून त्यात पाच-सात मिनिटं फोडी बुडवा आणि साध्या पाण्यातून काढून पुसा. लिंबाच्या पाण्यानेही तेच होतं, पण आंबट चव राहते. चिकू, केळं टेबलावर नकोच. डहाणूचे चिकू कितीही गोड असले तरी कापल्यावर कळाहीन दिसतात. हापूस मात्र साडेसातला, गालाचे काप काढून सालावरच चौकोनी चिरा देऊन.

हंगामाकडे बघून फळ ठरवा. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं, थंडीत स्ट्रॉबेरी, मे महिन्यात आंबा आणि जांभळं. डिसेंबरात कलिंगड शोधत फिरण्यापेक्षा त्यावेळी हुरडा किंवा उकडलेल्या शेंगा ठेवा, टेबल जास्त आपलं वाटतं.

९. क्रॅकर्स टेबलावर मऊ पडतात. मुंबईत तर जूनपासूनच. उपाय?

सोलापूरकडची कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, हवाबंद डब्यात कित्येक दिवस टिकते, हाताने मोडली की ओबडधोबड तुकडे पडतात आणि चीज, चक्का, ठेचा सगळं तोलून धरते. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती तिकडे खातातच. मैद्याच्या महागड्या क्रॅकर्सपेक्षा मला ती कधीही बरी वाटते. खाकराही चालतो.

पावसाळ्यात एकदम सगळं मांडू नका, बरणीतून थोडं थोडं काढा. मऊ पडलेली भाकरी मंद तव्यावर किंवा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवून पूर्ण गार केली की परत कडक होते. फळं आणि काकडी यांच्या शेजारी कोरडं काहीच ठेवू नका.

१०. टेबलावर पदार्थ किती वेळ ठेवता येतात?

शिजवलेलं आणि लवकर नासणारं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू वेगाने वाढतात. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा. नागपूरच्या मे महिन्यात रात्री आठलाही बाहेर तेवढं तापमान असतं, म्हणून गच्चीवर मांडायचं असेल तर हे काटेकोर पाळा.

याचा अर्थ पार्टी दोन तासांत संपवायची असा नाही. चीज, चक्का, पनीर, कापलेली फळं, ओली चटणी, मांसाहारी काही असेल ते, हे सगळं दोन खेपांत मांडायचं. निम्मं पावणेआठला, निम्मं फ्रीजमध्ये. साडेनऊला पहिल्या वाट्या उचलायच्या आणि दुसऱ्या ठेवायच्या. अर्ध्या रिकाम्या वाटीत वरून ताजं ओतायचं नाही, वाटीच बदलायची. चक्क्याची वाटी बर्फाच्या खोलगट ताटात ठेवली तर दिसतेही सुंदर. सुक्या चटण्या, लोणची, चिवडा, भाकरी, सुका मेवा यांना घड्याळ नाही.

११. फ्रीज एकच आणि तोही भरलेला. एवढं कुठे ठेवू?

बुधवारी फ्रीज रिकामा करायला घ्या. पाण्याच्या बाटल्या, सॉस, लोणच्याच्या बरण्या, अख्खी कोबी-भोपळा दोन दिवस बाहेर राहू शकतात. सरबतं आणि पाणी बर्फ घातलेल्या टबमध्ये किंवा थर्माकोलच्या खोक्यात. गोल पातेली जागा खातात, चौकोनी डबे एकावर एक बसतात. गरम भांडं फ्रीजमध्ये गेलं की शेजारचं सगळं कोमट होतं, म्हणून परातीत पसरून आधी गार करा. तेवढंही जमत नसेल तर शेजारी विचारा. इमारतीत शेजारचा फ्रीज हक्काचा असतो आणि शेजारी पार्टीला येणारच असतात.

१२. मांडणी सुंदर कशी करायची? फुलं ठेवली तर चालतात का?

मोठं आधी, बारीक नंतर. आधी वाट्या आणि बाऊल, मग चीज, मग वड्यांची ताटं, मग ब्रेड-भाकरी, मग फळं आणि शेवटी उरलेल्या फटींत सुका मेवा. टेबल भिंतीला लावू नका, चारही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे. खाली केळीचं पान घ्यायचं तर धुऊन गॅसच्या आचेवरून हलकं फिरवा, मऊ होतं आणि चिरत नाही. पितळी वाट्या शोभून दिसतात, पण कल्हई नसेल तर दही, चिंच, लिंबू त्यात कळकतं. आंबट सगळं काचेत, मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात.

फुलं अन्नाला न लागता, उंच फुलदाणीत. फुलबाजारातल्या गुलाब-झेंडूवर फवारणी असते. कण्हेर विषारी आहे, ती या टेबलाच्या जवळही आणू नका. चाफ्याच्या देठातून चीक येतो. हिरवं हवं तर कढीपत्ता, पुदिना आणि तुळशीऐवजी सब्जाच्या काड्या ठेवा. तुळस सजावटीला वापरलेली अनेकांना रुचत नाही.

१३. सगळ्यांचे हात लागतात, उष्टं होतं, असं सासूबाई म्हणतात.

त्यांचं म्हणणं रास्त आहे. प्रत्येक चटणीला स्वतःचा चमचा, प्रत्येक वडीच्या ताटाला चिमटा, पनीर आणि चीजच्या तुकड्यांना आधीच टोचलेल्या टूथपिक. डिपमध्ये गाजर दुसऱ्यांदा बुडवलं जाऊ नये म्हणून चक्का छोट्या ग्लासांत भरा आणि त्यातच दोन-तीन कांड्या उभ्या खोवा, म्हणजे ज्याचा त्याचा ग्लास. श्रीखंडही तसंच. खरकट्या टूथपिकसाठी एक वाटी दिसेल अशी ठेवा आणि त्यात आधीच एक टाकून ठेवा, नाहीतर लोक ती वाटी रिकामी म्हणून त्यात चिवडा घेतात.

मोठ्यांना उभं राहून खाणं जमत नाही. त्यांच्यासाठी टेबलाजवळ चार-पाच खुर्च्या आणि सगळ्यातलं थोडं थोडं वाढलेली ताटली, घरातल्या कुणीतरी नेऊन दिलेली.

१४. पाहुणे आठचे सांगून साडेनऊला येतात. मग दोन तासांचं गणित कसं बसवू?

घड्याळाऐवजी दाराच्या बेलकडे बघा. आठला टेबलावर फक्त कोरडे पदार्थ, लोणची, भाकरी आणि कोकम सरबत. सात-आठ माणसं आली की थंड पदार्थांची पहिली खेप. तळणाची पहिली खेपही तेव्हाच. दुसरी खेप दीड तासाने (प्रश्न १०). तळण साडेसहाऐवजी निम्मं साडेसहाला आणि निम्मं लोक जमल्यावर केलं तरी पंधरा मिनिटांचंच काम आहे, चकत्या कापलेल्या असतात.

याच्या उलटही होतं: सगळे येतात आणि भरलेल्या टेबलाला पहिला हात कुणीच लावत नाही, फक्त फोटो काढतात. त्यासाठी चीजची पहिली फोड तुम्ही कापा, भाकरीवर ठेवा आणि एखाद्या मुलाच्या हातात द्या. लगेच सुरू होतं.

१५. उरलेल्याचं काय?

टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं दही, पनीर, कापलेली फळं आणि ओली चटणी टाकून द्या, जीव तुटला तरी. फ्रीजमधली न मांडलेली दुसरी खेप मात्र ताजीच आहे. अळूवडी दुसऱ्या दिवशी तव्यावर, चीजचे तुकडे किसून सँडविचला, गाजर-मुळा सांबारात. मसालेभात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरून गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

१६. लहान मुलं, गरोदर मैत्रीण आणि एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. सगळं एका टेबलावर कसं सांभाळू?

पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी द्राक्षं उभी चिरा, अख्खा मणी घशात अडकतो. अख्खे शेंगदाणे-काजू त्यांच्या हाताला लागतील अशा कडेला नकोत, टूथपिकही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. गरोदर असलेल्यांनी ब्री, कॅमेंबेरसारखी मऊ आणि निळ्या बुरशीची चीज टाळावीत, लिस्टेरिया या जंतूंची भीती असते. चेडार, गौडा, प्रोसेस्ड चालतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्या स्वयंपाकात फार अवघड, कारण कूट सगळीकडे असतं आणि तळणाचं तेलही बऱ्याच घरांत शेंगदाण्याचं. वेगळा चमचा ठेवून भागत नाही. त्या दिवशी टेबलावर शेंगदाणा नकोच: चटणी तिळाची किंवा जवसाची, तळण सूर्यफुलाच्या तेलात आणि चिवड्यात डाळ्या-खोबरं. आधी त्या पाहुण्याला फोन करून तीळ चालतो का तेही विचारा.

१७. मांसाहारी पण हवं आहे. एकाच टेबलावर ठेवू का?

वेगळं छोटं टेबल, वेगळे चिमटे, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या बाजूला. शाकाहारी माणसाला विचारावं लागू नये. गोव्याहून आणलेले चोरीस (तिथले मसालेदार सॉसेज) असतील तर लक्षात ठेवा, ते सलामीसारखे कापून तसेच मांडायचे नाहीत. ते कच्च्या मांसाचे असतात, कांद्याबरोबर नीट शिजवूनच खायचे. ही भाजी शुक्रवारी करून फ्रीजमध्ये ठेवली तर शनिवारी जास्त मुरते. चांगली वाफ येईपर्यंत गरम करा आणि छोट्या पावात किंवा पोईत भरून द्या. कोळंबीचं बालचांवही (गोव्याचा तिखट-आंबट, लोणच्यासारखा प्रकार) दोन दिवस आधी झालेलं उत्तम.

१८. आम्ही परदेशात राहतो. अळू, कडक भाकरी कुठून आणू?

भारतीय दुकानांत गोठवलेलं पात्रा मिळतं, तीच अळूवडी. तयार कापलेली असते, तव्यावर परतली की झालं. ओलं खोबरंही गोठवलेलं चांगलं मिळतं. ज्वारीचं पीठ मिळालं तर भाकरी पातळ थापून भाजा आणि मग ओव्हनमध्ये १५० अंशांवर कडक होईपर्यंत वाळवा. ग्रीक योगर्ट म्हणजे जवळजवळ चक्काच, दोन तास टांगलं तरी बस.

१९. पाहुण्यांत एक जैन कुटुंब आहे आणि त्या दिवशी नेमकी संकष्टीही आहे. आठला टेबल मांडून उपयोग आहे का?

जैन पाहुण्यांना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा हे कंद चालत नाहीत, तेवढं बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते दुसरंच: बरेच जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, चातुर्मासात तर नक्कीच. आठच्या टेबलाचा त्यांना काहीच उपयोग नाही. बोलावतानाच विचारा आणि पाळत असतील तर त्यांना साडेपाचला या म्हणा. कोरडे पदार्थ तेव्हा मांडलेलेच असतात. कांदा-लसूण नसलेली कोथिंबीर वडी त्यांच्यासाठी आधी तळा, फळं कापा आणि स्वतः त्यांच्याबरोबर बसा.

संकष्टीवाल्यांचा उपास चंद्रोदयाला सुटतो, वेळ कॅलेंडरात छापलेली असते आणि दर महिन्याला बदलते. तोपर्यंत त्यांच्यासाठी एक वेगळा कोपरा: राजगिऱ्याच्या पुऱ्या, साबुदाण्याचा चिवडा, रताळ्याचे काप, शेंगदाण्याचे लाडू, फळं, साधा चक्का. त्यात हळद नको. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काहींत नाही, म्हणून ती वेगळ्या वाटीत ठेवा. चंद्र दिसायच्या वेळी मसालेभाताचं झाकण उघडेल अशा बेताने भात टाका आणि त्या रात्री गोडात श्रीखंडाबरोबर उकडीचे मोदक ठेवा. मोदकांचं सारण शुक्रवारी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, उकड मात्र त्याच दिवशी काढायची.